डावीकडून दुसरं बटण

३ फेब्रुवारी, सोमवार

बावीस वर्षं या शाळेच्या फरशा पुसतेय, माझ्या फडक्यावर आजवर कुणी संशय घेतला नव्हता. आज घेतला. तोही परक्यानं नाही, घरच्या सुनेनं. शिक्षकांच्या खोलीत, दहा माणसांसमोर, मोठ्या बाईंना म्हणते, "कॉम्प्युटरच्या खोलीत हात फिरवणारे फार झालेत." मी तिथंच कोपऱ्यात कप उचलत होते. त्या बारा मशीनवरून रोज हात कोण फिरवतं? दहाही माना माझ्याकडे वळल्या. मी कप जरा जोरातच ठेवले. एकाचा कान गेला.

तुला नमस्कार करायचा राहिला, वही. राहू दे. तुझा काही दोष नाही, पण आज मला कुणालाच नमस्कार करायचा नाही.

नातीच्या जुन्या वह्यांतून तुला उचललं. पुढची पानं तिच्या भूमितीची, मागची माझी. मी चौथी पास, तीसुद्धा मास्तर कंटाळले म्हणून. पण अक्षर लागतं. आजपासून त्या खोलीत कोण आलं, कोण गेलं, काय घडलं, सगळं लिहून ठेवणार. चोर सापडला की ही वही मोठ्या बाईंच्या टेबलावर आपटणार.

प्रकरण असं आहे. दहावीची कॉम्प्युटरची परीक्षा यंदा पहिल्यांदाच मशीनवर आहे, चोवीस तारखेला. आमच्या मशीनमध्ये विंडोजऐवजी लिनक्स, आणि परीक्षेचा प्रोग्रॅम लिनक्सवर चालत नाही. म्हणून मागच्या महिन्यात ठेकेदाराचा माणूस आला, त्यानं प्रत्येक मशीनच्या पोटात दुसरं खोटं मशीन बसवलं. त्या पोटातल्या मशीनमध्ये परीक्षा चालणार. मोठ्या बाईंना चालवून दाखवलं, सही घेतली, गेला. दुसऱ्या दिवसापासून बारातली दहा खोटी मशीनं उठत नाहीत. खरी उठतात, पोटातली नाही.

कॉम्प्युटर शिकवते माझी सून. जूनपासून, तेही हंगामी. परीक्षा नीट पार पडली तर तिला कायम करणार, नाही तर खडूमास्तर टपून बसलाच आहे. तो गणिताचा, त्याची बोटं कायम पांढरी. आणि परीक्षा झालीच नाही तर दहावीचा सगळा वर्ग तीन तास लांबच्या शाळेत जाणार. त्या वर्गात माझी नात आहे.

सुनेची नि माझी बोलाचाली जूनपासून बंद आहे. कारण लिहिते, म्हणजे मागाहून कुणी मला भांडखोर म्हणायला नको. शाळेच्या पहिल्या दिवशी हिनं मला जिन्यात गाठलं आणि म्हणाली, "आई, शाळेत मला सूनबाई म्हणू नका. सगळे मॅडम म्हणतात, तुम्हीही तसंच म्हणा." मी म्हटलं, बरं. तेव्हापासून तिला काहीच म्हणत नाही. शाळेतही नाही, घरीही नाही.

४ फेब्रुवारी, मंगळवार

आजपासून रीतसर.

सकाळी पावणेसातला खोली उघडली. मेन वर केला. मेन म्हणजे दाराजवळचा मोठा खटका, लाल दिव्याचा. ही मशीनं नवी आली त्या वर्षी इथल्या एका प्लगातून धूर निघाला होता. मी बादली टाकून धावले आणि मेन पाडला. तेव्हाच्या मोठ्या बाईंनी प्रार्थनेला सगळ्या शाळेसमोर मला पुढं बोलावलं आणि सांगितलं, "आजपासून मेन यांच्या हातात." नऊ वर्षं झाली. शाळा सुटली की मेन बंद, एक दिवस चुकलेला नाही. घरी ताप असला तरी येऊन पाडून गेलेय.

मग बारा बटणं दाबली. दहांवर नेहमीचा काळा पडदा आला, त्यावर इंग्रजीत पांढरी ओळ. सुनेच्या आधी कॉम्प्युटर शिकवणाऱ्या जुन्या सरांनी मला शिकवून ठेवलंय, वरच्या रांगेत डावीकडून दुसरं बटण दाबायचं की ती ओळ जाते. "आजी, हे तुम्हीच उरकत जा, सकाळी सकाळी मला ते तोंड दाखवू नका," असं म्हणायचे. त्याला दोन वर्षं झाली. ते सोडून गेले, सवय राहिली. खिडकीजवळच्या दोन मशीन शहाण्या, त्या मागच्या वर्षी दुरुस्त होऊन आल्या तेव्हापासून त्यांना बोट लावावं लागत नाही. बाकीच्या दहांना लावते. सून साडेसातला येते तेव्हा बाराही पडदे हसत असतात. तिला वाटत असेल, आपोआप हसतात.

आज ती पोरांना सांगत होती, मी बाहेर व्हरांडा पुसत ऐकलं. खरं मशीन म्हणजे यजमान आणि पोटातलं म्हणजे पाहुणा. यजमानानं जागा दिली तरच पाहुणा राहू शकतो. मला आतून हसू आलं. पाहुणे म्हणून यायचं आणि मॅडम म्हणा सांगायचं, असे पाहुणे मी जवळून पाहिलेत.

पाहुणा काही उठला नाही. हिनं तो प्रोग्रॅम दहाही मशीनवरून काढून पुन्हा बसवला. चार वाजले. खोलीत सून आणि तिच्या वर्गातली पोरं सोडून कुणी आलं नाही. खडूमास्तर दोनदा दारातून डोकावला, एकदा विनाकारण.

शाळा सुटली. मेन बंद केला.

६ फेब्रुवारी, गुरुवार

ठेकेदाराचा माणूस आला. मी त्याला टायवाला म्हणते, उन्हाळा असो की काही असो, गळ्यात टाय. या मशीनची देखभाल पहिल्यापासून त्याच्याकडे. खुर्चीत बसला, दोन बटणं दाबली, माझ्याकडून पाणी मागितलं आणि म्हणाला, "मॅडम, बोर्डच गेलेत. जुनी झालीत ही. नवी घ्या."

सून म्हणाली, "दहाच्या दहा बोर्ड एकाच दिवशी गेले?"

"होतं असं."

"मग तुम्ही बसवलं त्या दिवशी कसं चाललं?"

"चाललं ना? मग बसवण्यात काही चूक नव्हती," म्हणून टाय सरळ करून उठला.

हे मात्र सुनेनं बरोबर विचारलं. मी तसं तोंडावर दिसू दिलं नाही. आणि एक नोंद करते, वही. त्या माणसानं गुडघा टेकला नाही. पेट्या टेबलाखाली असतात. ज्यानं गुडघा टेकला नाही त्याला खालचं काय दिसणार?

संध्याकाळी घरी मी कढईला म्हटलं, "काय गं, काही लोकांना बाहेरचे गोड बोलून फसवतात, आणि राग मात्र घरच्या फडक्यावर निघतो." लेकी बोले सुने लागे म्हणतात, पण मला लेक नाही, म्हणून कढई. सून नळाखाली हात धूत होती. ती नळाला म्हणाली, "काही लोकांना विचारलं नाही तरी लागतं."

नात पुस्तकातून डोकं न काढता म्हणाली, "तुम्ही दोघी भांड्यांशी बोलता. त्यापेक्षा भांडी बरी, निदान एकमेकांवर तरी आपटतात."

७ फेब्रुवारी, शुक्रवार

सापडलं म्हणे. मशीन उठायच्या आत एक बटण धरून ठेवलं की निळं पान येतं. त्या पानावर यजमानानं पाहुण्याला परवानगी द्यायची की नाही, ते लिहिलेलं असतं. दहाही मशीनमध्ये परवानगी बंद होती. सुनेनं एकेक करून चालू केली. दुपारी दोन वाजता सगळे पाहुणे उठले. पोरांनी बाकं वाजवली. सून इतक्या मोठ्यानं हसली की व्हरांड्यापर्यंत आलं. लग्नात हसली होती, त्यानंतर आजच ऐकलं.

खडूमास्तर बघायला आला. म्हणाला, "अरे वा, मॅडम. बघू किती दिवस."

मला वाटलं, चला, पीडा गेली. वहीचं काम संपलं. सगळं पुसून घेतलं, खिडक्या लावल्या, मेन बंद केला.

८ फेब्रुवारी, शनिवार

सकाळी बटणं दाबली, ओळी घालवल्या, फडकं मारलं. सून आली. पाहुणे झोपलेले.

निळं पान उघडलं. परवानगी बंद. दहाही मशीनमध्ये. शिवाय तारीखही मागं, नऊ वर्षांपूर्वीची एक जानेवारी. सुनेनं वर्गाला उभं केलं. "तारखा कुणी बदलल्या? कोण येतं माझ्या मागं या खोलीत?" पोरं एकमेकांकडे बघायला लागली. एक म्हणालं, "बाई, आम्ही नऊ वर्षांनी लहान झालो, परीक्षा नको." कुणी हसलं नाही.

तिनं सगळं पुन्हा लावलं. अर्धा दिवस गेला.

आता माझंही मत झालंय की कुणीतरी करतंय. दहा मशीन काही बैठक घेऊन एका रात्रीत ठरवणार नाहीत. मला खडूमास्तरचा वास येतो. पण खोलीची किल्ली माझ्याकडे, एकच. तो खिडकीतून शिरेल म्हणावं तर त्याचं पोट आधी विचारात घ्यावं लागेल.

१० फेब्रुवारी, सोमवार

शनिवारी लावलं, रविवार गेला, आज सकाळी पुन्हा बंद. चौदा दिवस उरले.

आज सुनेनं निळ्या पानाला शब्दाचं कुलूप घातलं. तो शब्द टाकल्याशिवाय पान उघडायचं नाही. तो कागदावर लिहिला, घरी आणला आणि कपड्यांच्या कपाटात आतल्या बाजूला चिकटवला. मी कपडे ठेवायला गेले तेव्हा दिसला. इंग्रजीत होता. मी बघितला आणि दार लावलं. माझी साडेसाती त्या अक्षरांत लिहिलेली असली तरी मला वाचता येत नाही.

मेन बंद केला. दार दोनदा ओढून बघितलं. व्हरांड्याच्या टोकाला पंधरा मिनिटं उभी राहिले. खडूमास्तर सायकल काढून गेला. इतर कुणी नाही.

११ फेब्रुवारी, मंगळवार

आज जे झालं ते लिहायला हात तयार नाही, पण लिहिते.

सकाळी निळं पान सताड उघडं. शब्दाचं कुलूपच नाही, जणू कधी घातलंच नव्हतं. परवानगी बंद.

सुनेनं पडदा बघितला. मग माझ्याकडे वळली. आठ महिन्यांत पहिल्यांदा सरळ माझ्याशी बोलली. "आई, कपाटातला कागद तुम्ही बघितलात?"

"बघितला."

"आणि?"

"आणि कपडे ठेवले."

"खोलीची किल्ली तुमच्याकडे. कागद आपल्या घरात. तिसरं कोण आहे, तुम्हीच सांगा."

मी म्हटलं, "मला 'ए'च्या पुढं 'बी' येतो एवढंच ठाऊक. तुझी निळी पानं मी उघडते होय? नाचता येईना, अंगण वाकडं. आता तर अंगण नाही, सासूच वाकडी."

आवाज चढले. मोठ्या बाईंनी तिला आत बोलावलं. दार लागलं. अर्धा तास. मी बादलीपाशी उभी. काचेतून मोठ्या बाईंचं बोट माझ्या दिशेनं दोनदा हललेलं दिसलं. सून मान हलवत होती, नाही नाही करत. काय नाकारत होती कोण जाणे, स्वतःचा दोषच नाकारत असेल.

बाहेर आली ती डोळे लाल करून. चोराच्या मनात चांदणं. हात पुढं केला. "खोलीची किल्ली द्या. आजपासून ती खोली मी उघडणार, मीच बंद करणार. तुम्ही आत पाऊल टाकायचं नाही."

मी किल्ली तिच्या तळहातावर ठेवली. म्हटलं, "घ्या, मॅडम."

आठ महिन्यांत पहिल्यांदा म्हटलं. तिला हवं होतं तेच म्हटलं, तरी तोंडात मारल्यासारखी उभी राहिली.

१३ फेब्रुवारी, गुरुवार

काल संध्याकाळी तिनं सगळं पुन्हा लावलं. आज सकाळी सगळे पाहुणे जागे. परवानगी चालू, तारीख बरोबर, शब्दाचं कुलूप जागच्या जागी.

म्हणजे काय, ते सगळ्या शाळेला कळलं. कुणी तोंडानं बोललं नाही, खडूमास्तर सोडून. तो व्हरांड्यात म्हणाला, "आजी, तुमची सुट्टी मशीनला मानवली."

मी म्हटलं, "तुम्हीही घेऊन बघा, गणिताला मानवेल."

पण डबा तसाच घरी आणला.

१४ फेब्रुवारी, शुक्रवार

आजही चालू. दाराच्या फटीतून मेनचा लाल दिवा जळताना दिसतो. ही मेन बंद करत नाही. मशीन बंद करते, दार लावते आणि निघते. नऊ वर्षांत जे झालं नाही ते हिनं तीन दिवसांत केलं. धूर निघेल तेव्हा मी बादली घेऊन येणार नाही. कुणाला सांगणारही नाही. त्या खोलीशी माझा संबंध काय?

१६ फेब्रुवारी, रविवार

लेकाचा फोन आला. तो मालाची गाडी चालवतो, महिन्यातले वीस दिवस रस्त्यावर. बायकोशी आधी बोलला, मग माझ्याशी, त्यावरूनच समजले.

"आई, तू त्या खोलीपासून लांब राहा ना थोडे दिवस."

"लांबच आहे. किल्ली दिलीय."

"मुद्दाम नाही म्हणत मी. चुकून काही लागलं असेल."

"चुकून शब्द टाकून कुलूप उघडलं, दहा मशीनचं? एवढी हुशार असते तर तुला गाडी चालवायला लागली नसती."

 पलीकडून गाडीचा हॉर्न ऐकू आला, मग फोन ठेवला.

आता वही, तुझ्याशी खोटं बोलून काय फायदा? दुपारी पडल्या पडल्या एक घाण विचार आला. ही मशीनं पुन्हा बंद पडावीत. किल्ली तिच्याकडे असताना पडावीत. म्हणजे सगळ्यांना कळेल की मी नव्हते. मग आठवलं की पडली तर सुनेची जागा जाईल, नातीची परीक्षा जाईल. तरी तो विचार गेला नाही. दार उघडं ठेवलं तरी मांजर जाईना, तसा बसून राहिला.

१८ फेब्रुवारी, मंगळवार

आज सगळं लिहिणार, कितीही पानं लागोत.

काल रात्री सगळ्या वस्तीची वीज गेली, पहाटे आली. सकाळी मी व्हरांड्यात बादली घेऊन होते, खोलीपासून चार हात लांब, सांगितल्याप्रमाणे. सुनेनं दार उघडलं, मशीनची बटणं दाबली.  मग आतून हाक आली.

"आई!"

मी हलले नाही.

"आई, इकडे या!"

"आत पाऊल टाकायचं नाही, असा हुकूम आहे."

"मग दारातून बघा! हे काय आलंय?"

मी दारातून मान घातली. दहा पडदे काळे, प्रत्येकावर ती पांढरी ओळ. खिडकीजवळच्या दोन हसत होत्या.

"हे होय," मी म्हटलं. "रोजचंच आहे."

"रोजचं? मी एकदाही पाहिलं नाही."

"किल्ली घेतल्यापासून का आलं नाही ते तू सांग, मी कुठं होते? त्याआधी रोज यायचं. तू कशी बघशील? तू यायच्या आत मी घालवते."

"कशी घालवता?"

"डावीकडून दुसरं बटण."

ती स्टुलावर बसली. त्या ओळीवर बोट ठेवून हळूहळू वाचायला लागली, लहान पोरासारखी. मग माझ्याकडे न बघता म्हणाली, "यात लिहिलंय, आतली बॅटरी संपलीय. मशीन सगळं विसरलंय. परवानगी, तारीख, कुलूप, सगळं." थांबली. "किती दिवस घालवताय तुम्ही ही ओळ?"

"दोन वर्षं."

"दोन वर्षं हे मशीन ओरडून सांगतंय, आणि तुम्ही रोज सकाळी त्याचं तोंड दाबताय."

"मला जुन्या सरांनी शिकवलं. मला काय ठाऊक ते काय ओरडतंय? मला इंग्रजी येतं होय?"

"मला विचारायचं!"

"तू माझ्याशी बोलत होतीस?"

"तुम्ही बोलत होतात?"

 व्हरांड्यातून पोरांचे आवाज यायला लागले होते. मग तिनं मेनकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, आणि अगदी हळू विचारलं, "आई, संध्याकाळी मेन बंद करत होतात का?"

"म्हणजे काय? रोज. त्यात सांगायचं काय? अख्ख्या शाळेला ठाऊक आहे."

"मला नव्हतं. मी साडेचारला निघते. सकाळी येते तेव्हा चालूच असतो."

मग तिनं समजावलं. पोरांना समजावते तसं नाही, जरा बऱ्या आवाजात. मशीन बंद असलं तरी त्याला मेनमधून थोडी वीज मिळत राहते, त्यावर ते आपल्या गोष्टी लक्षात ठेवतं. मेन गेला की आतल्या नाण्याएवढ्या बॅटरीवर ठेवतं. बॅटरी मेलेली. मेन मी रोज पाडत होते. म्हणजे दहा मशीनची आठवण मी रोज संध्याकाळी पुसत होते, खोलीसारखीच, कोपऱ्याकोपऱ्यासकट. आणि सकाळी ती सांगायला लागली की गप्प करत होते. किल्ली गेली, मेन चालू राहिला, म्हणून मशीन चालली. काल वीज गेली आणि सगळं उघडं पडलं. खिडकीजवळच्या दोघींना दुरुस्तीत नवी बॅटरी मिळाली असणार, म्हणून त्या शहाण्या.

घरी येऊन मागची पानं वाचली. मेन बंद केला. मेन बंद केला. मेन बंद केला. माझ्याच अक्षरात, आणि प्रत्येक वेळी खाली जरासा अभिमान. काखेत कळसा, गावाला वळसा म्हणतात. चोर धरायला वही घातली, वहीनं माझाच हात धरला.

मला लाज वाटली का? वाटली. राग आला का? तोही आला, लाजेपेक्षा जास्त. ज्यानं बॅटरी बदलायला हवी होती तो टाय सरळ करून निघून गेला आणि आम्ही दोघी एकमेकींच्या उरावर बसलो.

१९ फेब्रुवारी, बुधवार

दहा बॅटऱ्या हव्या होत्या. बाजाराच्या टोकाला एक घड्याळ दुरुस्त करणारा आहे, त्याच्याकडे तसल्याच असतात. मी गेले. तो डोळ्यात भिंग लावून बसलेला, वर बघेना.

"नऊ आहेत."

"दहा पाहिजेत."

"नऊच आहेत म्हटलं ना, बाई."

त्याच्या टेबलावर छोटा वजनकाटा होता, आकडे उजळणारा. मी विचारलं, "हा कशावर चालतो?" त्यानं भिंग काढलं. "तुम्ही माझा काटा बंद पाडणार?" म्हटलं, "तुमचा काटा उद्या चालेल. परीक्षा उद्या चालत नाही." शिव्या घालत काढून दिली. शिव्या चांगल्या होत्या, एक लक्षात ठेवलीय.

शाळा सुटल्यावर सुनेनं पेट्या उघडल्या. आत इतकी धूळ की उशी भरावी. नऊ वर्षांत कुणी झाकण काढलेलं नाही. बाहेरून मी लख्ख पुसत होते. बॅटरीची खिटी नाजूक, सून बोट टेकवायची नि मागं घ्यायची. "मोडेल हो." मी म्हटलं, "सरक." नखानं दाबली, बॅटरी उडी मारून बाहेर. मग ठरलं, काढायच्या मी, बसवायच्या तिनं. दहाव्या पेटीपर्यंत कामाव्यतिरिक्त एक शब्द नाही. धर. सोड. दुसरी दे. इकडे बघ. पण कढई मध्ये नव्हती.

सगळं लावून झाल्यावर ती दारात थांबली. म्हणाली, "मेन बंद करा."

"तूच कर."

"नाही. तुम्ही करा. कळू दे एकदाचं."

पाडला. हात जड होता.

२० फेब्रुवारी, गुरुवार

दोघी बरोबर गेलो. मेन वर, बारा बटणं. एकही पडदा काळा नाही. पाहुणे बाराही जागे, तारीख आजची.

माझं बोट सवयीनं डावीकडच्या दुसऱ्या बटणापर्यंत गेलं. तिथं काही काम नव्हतं.

२४ फेब्रुवारी, सोमवार

परीक्षा झाली. बाहेरून परीक्षक आले होते, त्यांना चहा मीच दिला. चौथ्या मशीनमधला पाहुणा मध्येच गारठला, त्या पोराला उठवून सुनेनं खिडकीजवळच्या रिकाम्या मशीनवर बसवलं, वेळ वाढवून घेतला. बाकी सगळं पार पडलं. खडूमास्तर दिवसभर दिसला नाही.

नात बाहेर आली. म्हणाली, "बरा गेला." बरा म्हणजे किती, विचारलं. म्हणाली, "आजी, बरा म्हणजे बरा."

२५ फेब्रुवारी, मंगळवार

मोठ्या बाईंनी सुनेला पत्र दिलंय. दहा मशीन तीन आठवडे बंद कशी राहिली, जबाबदार कोण, उद्या लेखी उत्तर द्या, त्यावर कायम करायचं की नाही ते ठरेल. परीक्षा झाली तरी मान सोडत नाहीत.

संध्याकाळी मिठाच्या बरणीखाली सुनेचा कागद सापडला. उत्तराचा कच्चा मसुदा. मराठीत होता, म्हणजे मला वाचायला बंदी नव्हती. लिहिलंय, "देखरेखीतील चूक सर्वस्वी माझी आहे. सफाई करणाऱ्या मावशींचा यात काही संबंध नाही." त्याखाली आणखी एक ओळ. "दि. ११ रोजी आपण त्यांना कामावरून कमी करण्यास सांगितले, तेव्हा मी किल्ली माझ्या ताब्यात घेऊन त्यांची हमी घेतली होती. ती हमी आजही कायम आहे."

तीनदा वाचलं. म्हणजे त्या दिवशी काचेपलीकडे जी मान हलत होती, ती यासाठी. आणि मी बाहेर उभी राहून चोराचं मन नि चांदणं करत होते.

कुणी सांगितलं होतं हिला? मी हमी मागितली होती? बावीस वर्षं मी कुणाच्या हमीवर फरशी पुसलेली नाही. आणि स्वतःची जागा पणाला लावून सासूची वाचवायची, हा कुठला शहाणपणा? डोकं आहे की निळं पान?

कागद फाडला नाही. मागची बाजू कोरी होती, तिथं मी लिहिलं. मेन मी पाडला, रोज. ओळ मी दाबली, रोज, दोन वर्षं. खाली सही केली. अंगठा नाही, सही.

आणि ही वही ओट्यावर उघडी ठेवतेय. सूनबाई, मागच्या पानापासून वाच, शिव्यांसकट. मग ऐक. उद्या मोठ्या बाईंसमोर मेनचं आणि बटणाचं उत्तर मी देणार. नऊ वर्षं झाकण का उघडलं नाही, याचं उत्तर टायवाल्यानं द्यायचं. सकाळी आठ वाजता त्याला फोन लावून बोलाव, आणि आला की आधी गुडघ्यावर बसव. तिथं तू तोंड उघडायचं नाही. तुला एकाच गोष्टीचं उत्तर द्यायचंय, तेही घरी, आज, चहा व्हायच्या आत: शाळेत तुला हाक मारायची तर काय म्हणून मारायची? नळाला सांगू नकोस. मला सांग.